मागच्या टायरवरचे दोन काप

माझ्या धाकट्या भावाला पुलाच्या ठेकेदारानं फसवलं. तो जिवंत असताना नाही... मेल्यावर. त्याच्या गाडीचं चांगलं टायर काढून घेतलं, त्या जागी झिजून गोटा झालेलं जुनं टायर चढवलं आणि कागदावर लिहून घेतलं, की चूक मरणाऱ्याची होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर काही जण म्हणतील, भावाच्या दुःखानं याचं डोकं फिरलं. म्हणू द्या.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून बैलबाजारात उभा राहिलोय. म्हातारा बैल तेल लावून तरणा म्हणून विकणारी माणसं पाहिली, रंगवलेली शिंगं पाहिली. त्यामुळे काही विचित्र दिसलं की मी आधी माणूस शोधतो — यात कोणाचा फायदा आहे? बहुतेक वेळा सापडतो. या खेपेला अर्धाच सापडला. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितोय.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं जुन्या मोटरसायकलींचं दुकान आहे. मागं पत्र्याची शेड, तिला एकच शटर, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. दुसरी किल्ली नाही.

भावाचं नाव सुधाकर. गाई-म्हशी गाभण राहण्यासाठी इंजेक्शन देत तो मानोऱ्याकडच्या तांड्या-तांड्यांवर फिरायचा. वळूचं बीज गोठवून ठेवायचा, थंड वाफेचा जड डबा गाडीच्या डाव्या अंगाला बांधलेला असायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो लाजायचा. त्या रस्त्यांवर साधी गाडी टिकत नाही, म्हणून माझ्याकडे एक उंच गाडी आली तेव्हा — डांबरावरही चालते आणि दगडगोट्यांतही, ती जात — मी ती त्याच्यासाठी बाजूला ठेवली. मागं नवं टायर टाकलं, मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचं. म्हटलं, घेऊन जा.

तो म्हणाला, "फुकटची गाडी मी घेत नसतो, दादा. रुमाल काढ."

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मी हे शिकत होतो तेव्हा सुधाकर लहान होता. मी घरी त्याच्यावरच सराव करायचो, आणि हा पठ्ठ्या ऐन वेळी रुमालाखाली माझ्या तळव्यावर एक बोट फिरवून गुदगुल्या करायचा. मी हसलो की म्हणायचा, "हरला." त्या दिवशीही दुकानाच्या अंगणात, दोन गिऱ्हाइकांसमोर, त्यानं तेच केलं. गाडी त्यानं ठरवलेल्या किमतीला गेली.

मग पोळा आला. सुधाकरजवळ बैल नव्हते. त्यानं गाडी धुतली, हँडलला बेगड बांधली, आणि बैलाच्या अंगावर उमटवतात तसे गेरूचे पंजे टाकीवर उमटवले. त्याची पोरगी गौरी तिसरीत आहे. तिचा हात टाकीपर्यंत पोचेना, म्हणून तिनं आपला पंजा मागच्या टायरच्या डाव्या अंगावर उमटवला. सुधाकरनं तो पुसू दिला नाही. गेरू पाण्यानं जातो म्हणून वरून वार्निशचा हात मारला. बायको वनिता त्याला हसली, की असा वेडा माणूस कुठं पाहिला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी तांड्यावरून फोन आला, म्हैस अडली आहे. मानोऱ्याकडच्या आतल्या रस्त्यावर एका नाल्यावर छोट्या पुलाचं काम चालू होतं. तिथं त्याची गाडी नाल्यात गेली. तो दगडांवर पडला. मी पोचेपर्यंत त्याला नेलं होतं आणि गाडीही ट्रॉलीत घालून हलवली होती. कोणी हलवली, तर पुलावरच्या माणसांनी. मदत केली म्हणे.

गाडी पुन्हा पाहिली ती ठाण्याच्या आवारात. मागच्या चाकात टायर होतं ते गोटा झालेलं, आरशासारखं गुळगुळीत. गेरूचा पंजा नाही. मी तिथंच ओरडलो, की हे टायर माझ्या भावाचं नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर पान खात उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, टायर पाहा ना. असं टायर घेऊन कोणी मानोऱ्याच्या रस्त्यानं येते काय?"

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. पण त्यानंतर माझं म्हणणं कोणी धड ऐकलं नाही. तापट माणूस, भाऊ गेलाय, बोलू द्या... असं झालं. कागदावर लिहिलं गेलं ते त्यांचंच.

तेव्हा मला वाटलं, नवं टायर चोरून विकलं असेल, एवढंच. पैशाचं मला काही नव्हतं. पण एक दिवस गौरी दुकानात आली. शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं होतं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मोठे बाबा, आमच्या बाबाले टायर खराब हाय हे समजत नव्हतं काय?"

मी नाही म्हटलं. समजत होतं, टायर चांगलं होतं. तिनं मान हलवली, पण मोठ्यांच्या सांगण्यावर लहान पोरं जशी हलवतात तशी.

गाडी सोडवून आणली. त्या खोट्या टायरवर ती उभी असलेली बघवेना. ते काढून पुरावा म्हणून कुलपात टाकलं, आणि पहिल्यासारखंच, त्याच कंपनीचं नवं टायर मंगरुळच्या टायरवाल्या शेठकडून आणून बसवलं. गाडी इंजिनाखाली लाकडी ओंडका देऊन शेडमध्ये उभी केली. मागचं चाक अधांतरी, जमिनीला टेकतच नव्हतं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, चार पावलं चालवलं तरी झिजतात. ते सगळे जागच्या जागी होते.

एका सकाळी शटर उघडलं, तर टायर फाडलेलं.

डाव्या अंगाकडून आत तिरके गेलेले दोन काप, एकमेकांच्या शेजारी. मधले ठोकळे मुळापासून उपटलेले. आतला धागा दिसत होता.

मी आधी माणूस शोधला. सुपरवायझरनं कोणाला पाठवलं असेल म्हणून कुलूप पाहिलं, पत्रा पाहिला. शाबूत. मग गाडीचा दोष शोधला. चेन घासली असेल? चेन तिथं पोचत नाही. मडगार्डचा बोल्ट? लांब आहे. उंदीर कुरतडतो, उपटत नाही. ब्लेडनं कापलं म्हणावं तर काप सरळ हवा. हा ओढलेला होता, रबर एका दिशेनं ताणून तुटलेलं. असं टायर फिरत असताना होतं, आणि वर ओझं असताना. शिवाय उपटलेले ठोकळे शेडमध्ये कुठंच नव्हते. मी झाडून पाहिलं.

टायर घेऊन शेठकडे गेलो आणि आवाज चढवला, की माल खराब दिला. शेठ जुना व्यापारी, माझा जुना शत्रू म्हणा. त्यानं चष्मा लावला आणि हसला. "रामभाऊ, मले शिकवून राह्यले काय? गाडी लोखंडावर घातली तुमी, आणि क्लेम मांगाले आले?"

मी म्हटलं, गाडी हललीच नाही. तो म्हणाला, "मंग टायर एकटंच फिराले गेलं असंल." आणि टायर उलटं करताना थांबला. बाकीच्या ठोकळ्यांवरचे केस त्यानं बोटानं चाचपले. फिरवून फिरवून सगळीकडे पाहिलं. मग चष्मा काढला. न चाललेलं टायर, आणि काप चालत्या टायरचा... त्याला हे माझ्याइतकंच कळलं.

आतून दुसरं टायर आणून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. तो किंमत बोलला नाही. मी भाव केला नाही. आमच्या दोघांच्याही आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं असेल.

ते बसवलं. शेडच्या फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चुलीची राख पसरली, मांजर गेलं तरी उमटेल अशी. शटरला वरून आणखी एक कुलूप लावलं. दोन-तीन दिवस काही नाही. मग एका सकाळी पुन्हा तेच. तीच बाजू, व्हॉल्व्हपासून तीच जागा, तेच दोन काप. राखेवर एक रेघ नव्हती.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुपार झाली. उन्हानं पत्रा तडतडत होता. मी गाडीजवळ खाली बसलो. बैलाबद्दल मन ठरत नसलं की मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. रुमाल टाकतो आणि हातानं पाहतो, खूर, गुडघा, वशिंड. तसाच खांद्यावरचा रुमाल चाकावर टाकला आणि खाली हात घातला. दोन कापांमधलं अंतर माझा अंगठा आणि मधलं बोट ताणलं की बरोबर तेवढं. दोन्ही काप आत जाऊन सारखेच वर वळत होते. म्हणजे लोखंडाची दोन टोकं, शेजारी शेजारी, जमिनीतून वर आलेली. कापात खरखर लागली. बोट बाहेर काढून पाहिलं, तर लाल मुरूम. अधांतरी चाकात मुरूम.

हात पुन्हा रुमालाखाली घातला. आणि माझ्या तळव्यावरून एक बोट फिरलं.

टायरचा केस लागला असेल, असं मीही म्हटलं. रुमाल ओढला. माझा तळवा होता तिथले ठोकळे उपटलेले होते. तिथं केस नव्हता.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. मला हसू आलं, जुन्या सवयीनं. आणि मग मी त्या शेडमध्ये रडलो. त्याला अग्नी देतानाही रडलो नव्हतो, तेव्हा भांडायचं बाकी होतं.

तसाच उठून नाल्यावर गेलो. पूल झाला होता, काम संपून माणसं गेली होती. कडेला कच्चा वळणरस्ता होता, त्यावर मुरूम टाकून दाबलेला. टायर काढायच्या पान्यानं मी तो उकरत गेलो. एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालला होता. त्यानं विचारलं, "काय हरपलं जी?" मी उकरतच राहिलो. तो मी उकरत होतो त्या जागेकडे पाहू लागला. मग आपणच म्हणाला, "तिथं सळया होत्या. डॉक्टर पडला त्याच सांजेले कापल्या त्याईनं. तुमी त्याचे कोण?"

मी म्हटलं, "भाऊ."

त्यानं काठी टेकवली आणि माझ्याबरोबर खाली बसून हातानं मुरूम ओढू लागला.

सळयांचे दोन बुंधे निघाले. मशीननं कापलेले. त्यांच्यावर रुमाल टाकून अंगठा आणि मधलं बोट ठेवलं. बरोबर बसलं. म्हणजे टायर चोरलं नव्हतं. त्या टायरवर या सळयांचे काप होते, म्हणून ते गायब केलं. एवढा भाग माणसांचा, आणि तो मला समजला.

पण बुंध्यांशेजारी मुरमात रबराचे ठोकळे पडले होते. काही झिजलेले, ते सुधाकरच्या टायरचे. एक मात्र कोराकरकरीत, अंगावर बारीक केस असलेला. तो घरी आणून शेडमधल्या टायरच्या जखमेवर ठेवला, तर दाताला दात जुळावा तसा जुळला. माझ्या दोन कुलपांच्या आतून तो तिथं दाबलेल्या मुरमाखाली कसा गेला? मला माहीत नाही. शेठला दाखवला, त्यानं हात जोडले आणि आत गेला. ठाण्यातल्या साहेब लोकांना दाखवला, ते म्हणाले, असं रबर कोणत्याही टायरचं असेल, जुनं टायर असेल तर आणा. बकऱ्यावाला म्हातारा माझ्याबरोबर येऊन सांगायला तयार आहे. त्याचं म्हणणं लिहून घ्यायला मात्र कोणी तयार नाही.

आता गाडीला तिसरं टायर आहे. त्याला काही झालेलं नाही. रोज सकाळी शटर उघडलं की रुमाल टाकून हात फिरवतो. सगळे केस जागेवर, एक ओरखडा नाही. त्याचं सांगून झालं असावं. मी तरी हात लगेच काढत नाही... थोडा वेळ तसाच ठेवतो.

मला याचा उलगडा नको आहे. तो कोणाजवळ असेल तर ठेवा. मला टायर पाहिजे. ते जाळलं नसेल, तर त्या पुलावर काम केलेल्या कोणाच्या तरी गोठ्यात, गच्चीवर, ट्रॉलीखाली पडलं असेल. डाव्या अंगाला दोन काप आहेत आणि त्यांच्या जवळ वार्निशखाली एका लहान पोरीचा गेरूचा पंजा आहे. ज्यानं ते चाकातून काढलं, त्यानं तो पंजा पाहिला आहे. न दिसण्यासारखा नव्हता.

त्यानं शेलूबाजारला यावं. माझ्याशी बोलू नये, मी तापट माणूस आहे. गौरीसमोर उभं राहावं आणि तिच्या बापाचं टायर कसं होतं, ते तिला सांगावं.