नागपूरच्या बदलीचा हुकूम

परवा पोस्टात पार्सलावर लाख लावताना तिचा जळका वास आला आणि जबलपूरचं आमचं केंद्र सरकारचं विभागीय कार्यालय आठवलं. तिथं मी आलेलं टपाल फोडायचे. शेजारच्या टेबलावरचे बडे बाबू मूळचे नागपूरचे. तिकडे एकट्या पडलेल्या आईजवळ राहता यावं म्हणून सहा वर्षं दिल्लीला बदलीचे अर्ज पाठवत होते. रोज दुपारी विचारायचे, "आलं काही?" त्या दिवशी ते आईचे दिवस करून, मुंडण केलेल्या डोक्यानं कामावर परतले होते, आणि मी फोडलेल्या तिसऱ्याच पाकिटातून त्यांच्या नागपूरच्या बदलीचा हुकूम निघाला. मला तो देववेना. त्यांनीच हात पुढे करून घेतला, सावकाश वाचला. "काहून रडून राहिली, बाई? चलो, वहीत नोंद कर," म्हणाले. मग कोरा कागद ओढून त्यांनी बदली रद्द करण्याचा अर्ज लिहिला. कारणापाशी बराच वेळ थांबले, शेवटी लिहिलं, 'अब आवश्यकता नहीं रही.' तो अर्ज मात्र आठ दिवसांत मंजूर झाला. सहा वर्षांत मी त्यांना "आई कशा आहेत?" असं एकदाही विचारलं नव्हतं. माझी आई गेल्यापासून ते फार सलतं.