डॉपलबॉकच्या तीन बाटल्या

माझा धाकटा भाऊ जर्मनीहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून माझ्यासाठी साडी निघाली नाही की चॉकलेटं निघाली नाहीत. स्वेटरांत गुंडाळलेल्या बिअरच्या तीन बाटल्या निघाल्या. त्या टेबलावर ओळीनं मांडून तो म्हणाला, "आक्का, ह्या तुझ्यासाठी."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत एकटी राहते. उभ्या जन्मात दारूचा थेंब माझ्या जिभेला लागलेला नव्हता. आणि ज्यानं माझ्यासमोर कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो मला बिअर पाजायला निघाला होता. यात काहीतरी गोम होती. एकतर ह्या दोन खोल्या मागणार, नाहीतर तिकडं एखादी गोरी बघून ठेवली असणार आणि मला जरा चढली की सांगणार. जेवता जेवता मी दोन्हींची उत्तरं तयार करून ठेवली.

तो तिकडं एका बिअरच्या कारखान्यात कामाला आहे. बिअर तयार झाली की बाहेर जाण्याआधी तिचा वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि ती जाण्याजोगी आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. एवढ्यासाठी माणसाला पगार देतात हे मला कधी खरं वाटलं नव्हतं. ह्या बाटल्यांमध्ये डॉपलबॉक नावाची बिअर होती, तीन वेगवेगळ्या ठिकाणची. लई दणकट असते म्हणाला, गोडसर, पोटाला धरणारी. पूर्वी तिकडच्या मठातले साधू उपासाच्या दिवसांत भाकरीऐवजी हीच प्यायचे.

"उपासाला दारू?" मी म्हटलं. "हितं साबुदाणा चालतो का न्हाय, यावरनं भांडणं व्हत्यात!"

"तू नुसता वास घेऊन मला सांग की. तुझ्यासारखं नाक तितं कुणाला न्हाय."

स्तुती आली आणि मी अजूनच सावध झाले. नाकाचं मात्र खरं होतं. आमच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखायचा नाही, बोटालासुद्धा लावून बघायचा नाही. त्यामुळं आमटीत मीठ कमी पडलंय की जास्त झालंय, ते आईनं मला वाफेवरनं ओळखायला शिकवलं होतं. मी आजही तसाच स्वयंपाक करते. आणि सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवून दारात भाजी घ्यायला गेले. परत आले तर पातेलं करपून काळं पडलेलं, घरभर जळकट वास, आणि हा शेगडीपासून हाताच्या अंतरावर बसून मोबाईल बघतोय!

"अरे, मेल्या, दूध जळतंय की!"

तो दचकला. पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लक्षच नव्हतं गं," म्हणाला.

झालं, बाईच असणार. एवढं भान हरपवणारं दुसरं काय असतं? मी पातेलं घासता घासता मनातल्या मनात तिला नावं ठेवून, नापसंत करून, पुन्हा जराशी पसंतही करून टाकलं.

दुपारी त्यानं बाटल्या काढायला सांगितल्या. मी त्या बर्फाच्या कप्प्यात टाकून ठेवल्या होत्या, तर त्यानं डोक्याला हात लावला. इतकी गार नाही चालत, माठातल्या पाण्याएवढी गार पाहिजे. मग बादलीत पाणी घेऊन बाटल्या उभ्या केल्या, वर ओलं पोतं टाकलं. मी पुढचं दार लावलं, खिडकीही लावली. समोर माग चालवणाऱ्या तेलुगू विणकरांच्या घरातली बाई उंबऱ्यात बसून अख्ख्या गल्लीची खबर ठेवते. तिला बाटली दिसली असती तर दिवेलागणीपर्यंत मी दारुडी ठरले असते, तेही तेलुगू आणि मराठी दोन्हींत.

मी स्टीलचे पेले आणले तर म्हणाला, काचेचेच पाहिजेत, रंग दिसायला हवा. पहिली ओतली. काळपट तांबडी, वर सायीच्या रंगाचा फेस.

"आधी तू पी," मी म्हटलं.

"विष हाय व्हय त्यात?"

"मला काय ठाऊक?"

तो हसला आणि प्याला. मग मी नाक जवळ नेलं. खरं सांगते, मी घाण वासाची तयारी करून बसले होते. पण आला तो भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा वास. त्याच्यामागनं काकवीचा, आणि अगदी तळाला काळ्या खजुराचा. नुसत्या वासावर राहवेना, घोट घेतला तर गोड लागली, घशाखाली जाताना ऊब देत गेली. मी तसं बोलून दाखवलं, तर हा डोळे मिटून पुटपुटला, "भाकरी. काकवी. खजूर."

दुसरी फिकट निघाली, उसाच्या रसाला जरा ऊन दाखवावं तशी. तिला मधाचा वास होता आणि ओल्या कणकेचा. तिसरी पुन्हा काळी, पण पहिलीसारखी लाडिक नव्हती. भाजलेल्या शेंगांची टरफलं, किंचित धूर, आणि शेवटी कडू. मला विचाराल तर तिघींत तीच बरी, उगाच गोड बोलत नाही. प्रत्येक वेळी हा माझं ऐकायचा, मग स्वतः वास घ्यायचा आणि माझेच शब्द परत म्हणायचा. स्वतःहून एक शब्द नाही.

तिथं मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. जन्म वर्गात गेलाय माझा. शेजारच्याचं ऐकून उत्तर देणारं पोर, माझं तोंड फळ्याकडं असलं तरी, मला कळतं. पण ज्याचं हेच काम आहे, तो माझी नक्कल का करेल?

मी बाटल्या उचलून आत गेले. स्टीलच्या पेल्यात फिकटवाली ओतली, बाहेर आणून त्याच्या हातात दिली.

"ही पहिली. आता मी गप्प. तू सांग."

त्यानं पेल्यात नाक घातलं. लांब श्वास घेतला. घोट घेतला, तोंडात घोळवला. "भाकरी," म्हणाला. "काकवी. खजूर."



"ही पहिली न्हाय," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं."

त्यानं पेला खाली ठेवला. 

"कधीपासनं?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात ताप आला, तवापासनं. गोड कळतं, कडू कळतं. वास कसलाच न्हाय."

डॉक्टरांना दाखवलं होतं. परत येईलही म्हणाले, येणारही नाही म्हणाले. कारखान्यात त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे मिळून वास घ्यायचे, हा दुसऱ्यांची तोंडं बघून बोलायचा. आता परत गेला की वर्षाची परीक्षा होती, एकेकाला वेगळं बसवून. ह्या तीन बिअर त्यात असणार होत्या. रंग डोळ्यांना दिसतो, गोड-कडू जिभेला कळतं, बाकीचं माझ्याकडून पाठ करून घ्यायचं, असा त्याचा बेत होता.

"अरे गाढवा!" मी ओरडले. समोरच्या बाईची पर्वा राहिली नाही. "आन् खराब माल पुढं गेला म्हंजे?"

त्यानं पेला उगाच पुढं सरकवला. 

"गेला का?"

"एकदा गेला. परत आला. त्या दिवशी माझ्याबरोबर एक नवीन पोरगी व्हती. ती म्हणाली व्हती वास बरा न्हाय म्हणून. मी म्हणालो, बरा हाय, म्हणून तिनं सही केली. बोलणी तिलाच बसली."

"आन् तू ऐकून घेतलंस?"

"ऐकून घेतलं."

इतका राग मला त्याचा आयुष्यात आला नव्हता, आणि इतकी कीवही. मी मोबाईल त्याच्यापुढं सरकवला. "लाव फोन. आत्ता."

"नोकरी जाईल, आक्का. व्हिसा त्याच्यावरच हाय."

"जाऊ दे," मी म्हटलं, पण माझा आवाज चिरकला. तिकडं टिकायला त्यानं काय काय सोसलं ते मलाच ठाऊक होतं.

त्यानं फोन लावला. जर्मनमध्ये बोलायला लागला. मला त्यातलं ओ की ठो कळेना, म्हणून मी त्याच्या तोंडावर नजर रोखून बसले. सुट्टी वाढवून मागतोय का? मला दाखवायला नुसताच बोलतोय का? पलीकडं कुणी आहे तरी का? बोलता बोलता त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला. फोनवर ते कुणाला दिसणार होतं? तेव्हा कुठं माझा विश्वास बसला.

"काय म्हणाले?"

"वासाचं काम आजपासनं बंद. बाकीचं आल्यावर बघू म्हणाले."

"आन् ती पोरगी?"

"तिचं बी सांगितलं. तिला मी समोर जाऊन सांगणार हाय."

"नक्की?"

"नक्की की."

त्यानं फोन पालथा ठेवला.  मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आल्यापासनं घर मला घरासारखं वाटंना गं. कशालाच वास न्हाय. आत्ता कसला येतोय, सांग की."

मी श्वास घेतला. "बिअरचा."

"अन्?"

"अन् तुझा."

"माझा कसला?"

"डोक्याचा. लहानपणी यायचा, त्योच."

तो खुर्चीतून उठून माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि डोकं पुढं केलं. केस किती विरळ झाले होते त्याचे! "नीट घे की," म्हणाला. मी खाली वाकून त्याच्या टाळूला नाक टेकवलं.

"त्योच हाय," मी म्हटलं.