नवस उशिरा बोलला तर

"थांब बे," म्हणत मामा दोन बोटांनी हवेतलं बटण डावीकडं पिळायचे, आणि समोरचा माणूस खरोखरच गप्प व्हायचा. वडवणीत ज्याचं मंडप-स्पीकरचं दुकान आहे त्याला एवढा अधिकार असतो, हे तुम्हीही मान्य कराल. माझं किराणा दुकान त्यांच्याला लागून, त्यामुळं माझा आवाज दिवसाकाठी कितीदा तरी बंद व्हायचा.

आसपास कुठंही सप्ताह असो, स्पीकर मामांचाच. कीर्तन संपेपर्यंत मशीनपाशी बसून राहावं लागे. बाकीचे स्पीकरवाले तिथं डुलक्या काढतात. मामा ऐकत बसायचे, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

नेकनूरकडच्या एका सप्ताहात महाराज रंगात येऊन म्हणाले, "देवाला काल नाही, आज नाही, उद्या नाही. तो काळाच्या बाहेर आहे." टाळकऱ्यांनी टाळ उचलले, तेवढ्यात माइक मेला. सगळा मंडप मशीनकडं वळला. मामा हात जोडून उभे.

"म्याच बंद केलाय, महाराज. येवढंच सांगा. तेला काल न्हाई, आज न्हाई, तर जग करावं आसं तेला कवा वाटलं? आगुदर वाटलं नव्हतं आन् मंग वाटलं, म्हंजी टायम आलाच की."

महाराजांनी उपरणं सावरलं, मंडपाच्या छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही आधी माइक चालू करा."

"तेच इचारतोय. तितं आधी कुटून आलं?"

मंडप पोट धरून हसला. सोबत गेलेला मीही हसलो. परतीच्या टेम्पोत मामा मात्र गंभीर. "तेची इच्छाच कायमची आसल, तर जग बी कायमचं पायजे. व्हय का न्हाई?" मला हो वाटलं. वडवणी येईस्तोवर नाहीही वाटायला लागलं.

पुढं मामींच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. बीडला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मामांना मारुतीला नवस बोलायला धाडलं. मामा गेले तसे परत आले आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

"बोललोच न्हाई. तेनं काळाभायेर बसून येकदाच सगळं ठरवलं आसल, तर माजं आजचं मागणं शिरणार कुटं?"

त्यांचं घर दुकानामागंच. आतून मामी म्हणाल्या, "देवाचा हिशेब तपासाया तुमाला कुनी बोलवलंय? नुसतं मागून यायचं की."

"समजल्याबिगर कसं मागू, बाई?"

समजायच्या आत ऑपरेशन झालं. मामी परत आल्या नाहीत.

त्यानंतर मामांनी सप्ताहाची कामं घेणं सोडलं. एका शनिवारी मी तेल वाहायला गेलो, तर ते मारुतीपुढं डोळे मिटून बसलेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते.

"देवा, तिचं आपरेशन नीट व्हऊ दे. शेंदूर चढवीन."

देवळातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, मामी गेल्या. आता कशाचा नवस?"

"ठाव हाय बे मला. पण तेला आगुदर न्हाई, नंतर न्हाई. मंग आजचं मागणं तेनं तवाच ऐकलं आसल. जग करताना बी ऐकलं आसल."

"ऐकलं असतं तर मामी..."

"तितंच आडलंय," मामा म्हणाले आणि जरा सरकून जागा केली. "बस. तू बी माग."

मी बसलो. डोळे मिटले, आणि गेलेल्या मामींचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून मागू लागलो.