आईचं एक जनुक

दादाची आणि माझी शेवटची नीट भेट झाली ती त्याच्या सुकापूरच्या घरी, गॅलरीत. नंतर हॉस्पिटलमध्ये गेले त्या भेटी नव्हत्या, नुसतं बघणं होतं. त्या दिवशी तो पाठीला उशी लावून खुर्चीत बसला होता. आतड्याच्या कॅन्सरने पार वाळला होता, पण डोळे लहान मुलासारखे चमकत होते. मांडीवर त्याच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट. मी टेकते न टेकते तोच म्हणाला, "अगं, आईची एक गोष्ट सापडली."

मला वाटलं, औषधांमुळे बरळतोय. सापडायला आईचं काही उरलंच कुठे होतं? ती पोटाच्या गाठीने गेली तेव्हा मी शाळेत होते आणि दादा कॉलेजात. तिची गादी, साड्या, अगदी फणीसुद्धा मोठ्या माणसांनी जाळून टाकली, कारण हा रोग लागतो अशी सगळ्यांची खात्री होती. पुढे तिच्या उशाशी बसणारा मामाही तसाच गेला, मग तर बोलायलाच नको. मोरा गावाहून मामी आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "आमी नाय थांबत गो. या घरान रोग हाय." मी रडायला लागले. दादाला मात्र राग आलाच नाही. त्याने विचारलं, "मामी, पण तो लागतो कसा?" मामी पदर डोळ्यांना लावून निघून गेली. दादाने तो प्रश्न पुढे जन्मभर सोडला नाही.

तो जनावरांचा डॉक्टर झाला आणि त्यातही कोंबड्यांचा. लग्न ठरवताना वहिनीच्या वडिलांनी अगदी काकुळतीने विचारलं होतं, "माणसांचं काहीच बघत नाही का हो?" पनवेलच्या आसपास जिथे पोल्ट्री असेल तिथे याची स्कूटर. एकदा मी बरोबर गेले होते. पोल्ट्रीवाला सांगत होता, "एक पाय पुढं, एक पाय मागं टाकून बसतंय डाक्टर, उठतच नाय." दादाने मेलेली कोंबडी उघडली आणि तिच्या यकृतातल्या पांढऱ्या गाठी मला दाखवल्या. "हा कॅन्सर आहे. आणि हा खरोखरच लागतो, एका कोंबडीचा दुसरीला. विषाणूने होतो." मी दोन पावलं मागे सरकले तर हसला, "तुला पिसं आहेत का?" मग पलीकडच्या शेडमध्ये नेऊन त्याने मला एका दिवसाची पिल्लं दाखवली. मानेच्या कातडीत एकेकाला सुई टोचत होते. त्या लसीने या गाठी टळतात. कॅन्सर होऊच नये म्हणून लस! मी बँकेत आकडे जुळवणारी बाई, पण त्या शेडमधल्या वासात उभी असतानाही अंगावर काटा आला. पुढे माणसांच्या बाबतीतही तो हात धुऊन मागे लागायचा. काही कॅन्सर माणसालाही विषाणूमुळेच होतात, गर्भाशयाच्या मुखाचा, काविळीतून यकृताचा, असं सांगून माझ्या मुलीला लस द्यायला त्याने जवळजवळ ओढत नेलं होतं.

त्याची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र निराळीच होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने कोंबडीची गाठ कुटून वाटली, एक पेशीसुद्धा उरणार नाही इतक्या बारीक गाळणीतून तिचा रस गाळला आणि दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली. म्हणजे विषाणू. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की त्या विषाणूतलं गाठ करणारं जनुक विषाणूचं नव्हतंच! ते त्याने कधीतरी कोंबडीकडूनच उचललं होतं. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं साधं जनुक. ते तुमच्या-माझ्यातही आहे. कोंबडीकडे असताना ते वेळेवर थांबायचं, चोरलेलं मात्र थांबेना. इथपर्यंत आला की दादा दरवेळी म्हणायचा, "ज्याच्या जोरावर आपण आईच्या पोटात वाढलो, तेच गं हे." इतक्या वेळा ऐकूनही मला ती गोष्ट कधी शिळी वाटली नाही.

तर त्या दिवशी गॅलरीत त्याने रिपोर्टवर बोट ठेवलं. आमच्या घरात विषाणू नव्हता. एका पेशीच्या दोन होताना बारीकसारीक चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी जनुकं असतात, रफू करणाऱ्यासारखी. त्यातलंच एक आईचं जन्मतः बिघडलेलं असणार. मामाचंही. तेच दादाकडे आलं होतं. "मामी बरोबर बोलत होती," तो म्हणाला. "रोग घरातच होता. फक्त गादीत नव्हता, आपल्यात होता. इतकं सगळं जाळलं, पण आई काही पूर्ण गेली नाही बघ..." मरणाच्या दारात बसलेला माणूस हे नवल करत होता. मला त्याचा धाक वाटला, खरंच सांगते.

मग म्हणाला, "तुझ्यातही असायची शक्यता अर्धी. रक्त दे."

मी साफ नाही म्हटलं. दोघं गेले, तिसरा समोर बसलाय, आणि आपला नंबर आहे की नाही हे कळून मी करू काय? चांगली चिडले मी. तो म्हणाला, "पिल्लांना सुई टोचताना मी कधी विचारलं नाही. तुला विचारतोय. माझी गाठ सापडली तेव्हा पार यकृतापर्यंत पोचली होती. तुझी असलीच तर अजून मटाराएवढी असेल. ती वेळेवर काढता येते गं." आवाज कापत होता त्याचा. जनुकाचं कौतुक करताना जो कापला नाही, तो माझ्यासाठी कापला. दुसऱ्या दिवशी मी रक्त देऊन आले.

रिपोर्ट येण्याआधीच दादा गेला. आला तेव्हा कळलं, आईची ती गोष्ट माझ्याकडेही आहे. मला रडू आलं, पण ते नुसत्या भीतीचं नव्हतं. मग दुर्बिणीने आतडं तपासलं. एक छोटीशी गाठ निघाली. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली, तपासायला पाठवली. कॅन्सर नव्हता. अजून नव्हता, इतकंच. आता दरवर्षी तपासायचं, आणि मुलीचंही रक्त द्यायचं आहे.

रिपोर्ट देताना नर्सने विचारलं, "त्रास काहीच नव्हता म्हणता, मग आलात कशा तपासायला?"

"भावाने सांगितलं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"हो. कोंबड्यांचे."

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "मॅडम, आधी त्यांना फोन करून सांगा बरं. काळजीत असतील."

"हो, सांगते," मी म्हटलं.

दादा, गाठ होती रे. काढली.