घाबरट सिस्टर

आमच्या सिस्टर घाबरट होत्या आणि ते त्या कोणापासून लपवत नसत. इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटला सांगत, "सुईची मलाही भीती वाटते हां. दोघं मिळून डोळे मिटू." मिटायचा अर्थातच एकटा पेशंट. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, आणि रस्ता ओलांडायची तर इतकी, की परळच्या सिग्नलला माझ्या शर्टाची बाही धरून उभ्या राहायच्या. मी लालबागच्या चाळीत वाढलेला. घाबरणं आमच्याकडे पुरुषाला शोभत नाही, म्हणून मी त्यांची भरपूर चेष्टा करायचो. त्या शांतपणे म्हणायच्या, "घाबरलेला माणूस हात नीट धुतो, भाऊ."

परळला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं आदिवासी आरोग्य केंद्र होतं. जव्हार-मोखाड्याकडची माणसं मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत उपचाराला आली की आमच्याकडे उतरायची. सहा खोल्या, एक दवाखाना आणि आठवड्यातून तीनदा येणारे म्हातारे डॉक्टर. मी कंपाउंडर. सिस्टर स्वतः मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या. मुंबईत तीस वर्षं काढली, तरी पेशंटशी त्यांच्याच बोलीत बोलायच्या. सीटी स्कॅनला निघालेल्या माणसाला सांगायच्या, "एका गोल दारातून आत जायचं. काही होत नाही. मी मात्र नसते गेले." पेशंट हसत हसत जायचा.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा केंद्रात चौदा माणसं अडकली. कोणाच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, कोणाची केमो चालू. डॉक्टर सत्तरीचे, ते घरून फोनवरच सल्ला देऊ लागले. उरलो आम्ही दोघं. सिस्टर केंद्रातल्याच एका खोलीत राहायच्या, मी रोज चाळीतून चालत यायचो. सिस्टर मला औषधांच्या कपाटाआड घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांच्यात एकाला झाला तर किती उरतील, सांगता येत नाही." त्यांचे हात कापत होते. माझेही कापत होते, पण मी ते खिशात घातले.

पहिला ताप चार नंबरच्या खोलीतल्या बुध्याबाबांना आला. ते साठीचे, बायकोच्या उपचारासाठी आलेले. इस्पितळात खाट नव्हती, म्हणून दोघांनी खोलीतच राहावं असं ठरलं. पालिकेची माणसं दाराला लाल कागद चिकटवून गेली आणि बाकीच्यांनी गाठोडी बांधायला घेतली. दाराला कागद लागला की मागून पोलीस येतात, माणूस उचलून नेतात, हे त्यांनी गावाकडे पाहिलेलं. मोखाड्यापर्यंत चालत जाऊ म्हणाले. सिस्टर बाहेरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मलाही पळायचंय," त्या म्हणाल्या. "माझी आई आहे पाड्यावर. पण आपल्या अंगात हे असलं, तर आपण कोणाच्या दारात घेऊन जाणार?" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, एक फांदी आण. पानांची."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्यांच्या पाड्यावर रीतच तशी होती. साथीचा ताप आला की त्या घरच्या माणसाने आपल्या हाताने दाराला हिरवी फांदी बांधायची. मग आत कोणी जात नाही. शेजारी रोज उंबऱ्याबाहेर जेवण ठेवतात आणि लांबून नावाने हाक मारतात, आतल्याने ओ द्यायची. "फांदी बांधायची लाज नसते," सिस्टर म्हणाल्या. "ताप लपवायची असते."

मी गल्लीतल्या बदामाची फांदी तोडली. नाक्यावरच्या हवालदाराने विचारलं, "काय रे, पूजा घातलीस काय?" बुध्याबाबांनी ती लाल कागदावरच बांधली आणि बाकीच्यांनी मुकाट्याने गाठोडी सोडली. कागदापेक्षा फांदी त्यांना कळली. दुपारी चार नंबरपुढे ताटं ठेवली जायची, आणि सगळे व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून "बुध्याबाबाऽ" म्हणून ओरडायचे. ओ यायला उशीर झाला की सगळे पुन्हा ओरडायचे. बाराव्या दिवशी बाबा स्वतः फांदी सोडून बाहेर आले.

मग एका गुरुवारी मला ताप आला.

चाळीत आमची एकच खोली, आई आणि मी, संडास सगळ्या मजल्याला मिळून. खालच्या मजल्यावरच्या एका काकांना तापात घेऊन गेले होते, ते परत आले नव्हते. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. एवढंच सिस्टरांना सांगायचं होतं, आणि तेच तोंडातून निघेना. सकाळी कपाटातली गोळी घ्यायची, मगच सिस्टरांपुढे ताप मोजायला कपाळ करायचं. तोंडाला दोन मास्क लावून मी चौदा जणांना औषधं वाटत फिरलो. शनिवारी ताप उतरला. दगदगीचा असेल, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

मंगळवारी सिस्टरांच्या खोलीचं दार बंद होतं. आतून त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "भाऊ, मला ताप आलाय. फांदी आण."

फांदी आणून त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवली, मागे सरलो आणि बोललो, "सिस्टर, माझ्याकडून आलाय. गुरुवारी मला ताप होता. गोळ्या घेऊन लपवला."

मग दार वीतभर उघडलं.

"मला तुझा राग आलाय," त्या म्हणाल्या. "खूप राग आलाय. ह्या सगळ्यांमध्ये फिरलास?"

"हो."

"आणि आई?"

"एकाच खोलीत झोपतो आम्ही."

त्या रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी ऑक्सिजन बघायचं ते चिमट्यासारखं यंत्र पुसलं आणि फरशीवरून माझ्याकडे सरकवलं. "आधी बोट घाल त्यात. किती?"

"सत्त्याण्णव."

"दम लागतो? जिन्यावर?"

"नाही."

"घरी जा. आईचं बघ. इथल्यांचं बुध्याबाबांना बघू दे, त्यांना शिकवलंय मी. पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस." मग दम खाऊन म्हणाल्या, "राग नंतर."

दोन दिवसांनी त्यांना रुग्णवाहिकेतून नेलं. सगळे व्हरांड्यात उभे राहून त्यांना नावाने हाका मारत होते, असं बुध्याबाबांनी मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा चाळीत, दार लावून बसलो होतो. नवव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. त्यांना पाड्यावर नेता आलं नाही. त्यांच्या आईला लेकीचं तोंडही बघायला मिळालं नाही.

केंद्रात आणखी कोणाला ताप आला नाही. माझ्या आईलाही नाही. गाड्या सुरू झाल्यावर चौदाही जण आपापल्या पाड्यांवर पोचले. डॉक्टर मला म्हणाले, सिस्टरांना तो कोणाकडूनही आला असेल, बुध्याबाबांकडून, भाजीवाल्याकडून, कळायला मार्ग नाही. ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होते. मी मान हलवली.

राग नंतर, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. त्या रागाची मी अजून वाट बघतो.