खाणीच्या गेटवरचा माणूस

ओहायोतल्या डब्लिनहून पहाटे निघालो तेव्हा गाडीत एक फाईल, चपात्यांचा डबा आणि दादारावांचा पासपोर्ट फोटो होता. जायचं होतं व्हर्जिनियाला, सात तासांवर.

दादाराव कळमनुरीच्या आमच्या वस्तीतले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दुबईच्या एजंटामार्फत मध्य आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीवर पहाऱ्याला गेले. देशाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून आपली माणसं आहेत. काम अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं होतं. अशा कंपन्या निवृत्त सैनिक गोळा करून दुसऱ्यांच्या लढाईत उतरवतात. कागदावर त्याला सुरक्षा म्हणतात. नेटवर्क जातं म्हणून पहिले तीन आठवडे कोणी घाबरलं नाही. मग एजंटाचा नंबर बंद झाला. पाच महिने उलटल्यावर सविता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कंपनी तुमच्याच देशात हाय ना? जाऊन इचारा की."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नांदेडला प्रवेशाच्या वेळी वडिलांना फॉर्म वाचता येईना, तेव्हा सुट्टीवर आलेले दादाराव दोन दिवस माझ्यासोबत रांगेत उभे होते. वहिनींना मी नाही कसं म्हणणार?

मेरीलँडच्या डोंगरात धुकं इतकं दाटलं की माझा एक्झिट (हायवेवरून उतरण्याची वाट) चुकला. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्या बाईने हातावर पेनाने रस्ता काढून दिला. "घरच्यांकडे निघालास का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

मुक्काम एका ओळखीच्या काकांकडे होता. मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. जेवताना त्यांना कंपनीचं नाव सांगितलं.

"अरे, त्यातला एक रिटायर्ड कर्नल आमच्या समोरच राहतो," काका म्हणाले. "फार सज्जन माणूस यार. स्नो पडला की माझाही ड्राइव्हवे क्लीन करतो."

"सज्जनच असतात सगळे," काकू म्हणाल्या. "तू आधी भात घे."

सकाळी दहाला कंपनीत पोचलो. काचेची इमारत, त्याच मजल्यावर दातांचा दवाखाना. बंदुकीचं चित्रसुद्धा कुठे नव्हतं. मार्क नावाचा साठीचा माणूस भेटला, तोही जुना सैनिक. मला सर म्हणत होता.

"तुमचा माणूस कागदोपत्री आमचा नाही, सर. आमचं कंत्राट दुबईच्या कंपनीशी. तिचं एजंटाशी."

मी फोटो पुढे ठेवला. त्याने तो हातात घेतला आणि खुर्चीत मागे टेकला.

"मी होतो त्या खाणीवर. आतल्या बाजूला आम्ही, गेटवर तुमची माणसं. हा चहा फार गोड करायचा."

"गेटवरच का ठेवायचे?"

"पहिला हल्ला गेटवरच होतो, सर." पार्किंगचा नियम सांगावा तसं त्याने सांगितलं.

मग नियमात बसत नसताना त्याने दुबईहून आलेलं पत्र उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. हल्ल्यात मृत्यू. दिलेल्या क्रमांकावर तीन वेळा फोन, उत्तर नाही. चौदा दिवस वाट पाहून खाणीजवळ दफन.

"हे खोटं आहे," मी उठून उभाच राहिलो. "वहिनींचा फोन कधी बंद नसतो."

"नंबर अमेरिकेतला आहे, सर."

त्याने पान खाली सरकवलं. नंबर माझा होता.

दादारावांच्या नोकरीचा फॉर्म मीच भरला होता. दादारावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर करार पाठवला, तेव्हा "अमेरिकन कंपनी आहे, फसवणार नाही, बिनधास्त सही करा" असं मीच सांगितलं होतं. इंग्रजी बोलणारं माणूस असावं म्हणून वहिनींच्या जागी स्वतःचा नंबर टाकला, आणि तेव्हा मला अभिमानही वाटला होता. इथे अनोळखी फोन कोणी उचलत नाही. गाडीची वॉरंटी विकणारे नाहीतर ठग असतात. व्हॉइसमेलवर ठेवलेले निरोप मी न ऐकताच पुसतो. पत्रातल्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये पाहिल्या. त्या आठवड्यात आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोला मित्राच्या गृहप्रवेशाला गेलो होतो.

मार्कने पाण्याची बाटली पुढे केली. "असं बऱ्याचदा होतं, सर," तो म्हणाला. पत्राची प्रत त्याने पाकिटात घालून दिली.

पार्किंगमधूनच वहिनींना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"जय भीम, भाऊजी. भेटले का साहेब?"

मी सांगितलं. मागे त्यांची मुलगी प्रज्ञा मोठ्याने रडू लागली. वहिनींनी विचारलं,

"माती दिली का?"

"दिली."

"कुणी?"

"सोबतच्यांनी." हे मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं.

"तुम्ही तिथं होता म्हणून कळलं तरी. लई उपकार झाले. तेवढा कागद मराठीत करून पाठवा. पोरीकडून वाचून घेते."

फोन नंबरचं मी काही बोललो नाही.

परतताना धुकं नव्हतं. डोंगरावरची झाडं लाल-पिवळी झाली होती, फोटो काढायला लोक गाड्या थांबवत होते. या देशाने मला पोटभर दिलं, ते मी विसरणार नाही. पण हाक आपल्यासाठी नसेलच, असं धरून चालायची सवयही मी इथेच लावून घेतली. गेटवर दादाराव होते म्हणून आत माणसं निजत होती. त्यांच्यासाठी एका फोनपाशी जागं राहायचं होतं, तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

घरी येऊन पत्र मराठीत करायला बसलो. मूळ कागदात 'दिलेल्या क्रमांकावर' एवढंच आहे. मी तिथे माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'याने फोन उचलला नाही.' वहिनींना पाठवून दिलं. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या.

त्याला आज नऊ दिवस झाले. वहिनींचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.