कॅमेरा नंबर दोन

हे इथे लिहावं की नाही यावरून बायकोशी दोनदा वाद झाला. मी नेटवर्कचं काम करतो. लोकांचं इंटरनेट बंद पडलं की कारण शोधून देणं हाच माझा धंदा, आणि कारण सापडतंच – वायर तरी सैल असते, नाहीतर वापरणाऱ्याचं डोकं तरी. त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. आता तुम्ही माझी करा.

मी नागपूरला त्रिमूर्ती नगरात राहतो. बाबा सावनेरला, एकटे. कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. आई गेल्यावरही ते घर सोडायला तयार नाहीत. मागे एकदा चक्कर येऊन अंगणात पडले, तेव्हापासून माझा जीव टांगणीलाच असतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात सीताबर्डीच्या एका दुकानातून दोन राउटर आणले. कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातला माल, स्वस्तात मिळाला. मोठ्या कंपन्या वापरतात तसले जड लोखंडी डबे; घरगुती राउटरसारखे सारखे रुसत नाहीत. जुनं सगळं पुसून दोन्ही नव्याने सेट केले. एक माझ्याकडे ठेवला, एक सावनेरला लावला, आणि दोघांना आपसात जोडून टाकलं. नेटवर्कपुरती दोन्ही घरं एकच झाली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

बाबांच्या बैठकीत एक कॅमेरा लावला. त्याला वीजसुद्धा राउटरमधूनच जाते. एकच कॅमेरा, हे लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातही लावतो म्हटलं तर बाबा म्हणाले, "आता चहा करतानाही पाहशील का मले?" मी विषय सोडून दिला.

ही गोष्ट खंडेनवमीची, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी आमच्याकडे औजारं पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. माझे क्लायंट परदेशातले, त्यांना कसली नवमी! मी पाटावर एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मेलेला माउस ठेवून देवाची समजूत काढली आणि लॅपटॉप घेऊन कामाला बसलो.

दुपारी जेवायच्या आधी सवयीने बाबांचा कॅमेरा उघडला. स्क्रीनवर एकाऐवजी दोन चौकोन... पहिला पूर्ण काळा. दुसऱ्याखाली लिहिलेलं – कॅमेरा नंबर दोन. त्यात बाबांचं स्वयंपाकघर दिसत होतं, दाराच्या वरून खाली पाहावं तसं. ओट्याजवळ बाबा कुशीवर पडले होते. एक चप्पल पायात, दुसरी लांब. हातापासून थोड्या अंतरावर स्टीलचा पेला आडवा झालेला. चित्र अडकलेलं नव्हतं, कारण खिडकीचा पडदा हलत होता. बाबा हलत नव्हते.

बायकोला हाक मारली. तिनेही पाहिलं – हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर मी स्वतःही विश्वास ठेवला नसता. बाबांना फोन लावला, उचलला नाही. गाडी काढली. सावनेरचा रस्ता कसा कापला ते मला आजही आठवत नाही. बायको शेजारी बसून सतत फोन लावत होती.

बाबा अंगणात झेंडूची फुलं तोडत होते.

"काहून आला गा असा धावत?" ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून तसाच उभा राहिलो आणि चक्क रडलो. फोन आत चार्जिंगला लावलेला होता.

जरा सावरल्यावर आत गेलो. देवासमोर पाट मांडलेला होता. त्यावर बाबांची पक्कड, टेस्टर, खाणीतला जुना दिवा, आणि या सगळ्यांच्या मधोमध आपला राउटर! वायर नीट गुंडाळलेली, कपाळी हळदकुंकू, डोक्यावर फूल.

"ते बी औजारच आहे न," बाबा म्हणाले. "सकाळीच काढून ठेवलं. आज त्याले सुट्टी."

हात लावून पाहिला. थंडगार. म्हणजे सकाळपासून त्या घरातून एक अक्षरही बाहेर गेलेलं नव्हतं. बैठकीतला कॅमेरा त्यामुळेच काळा होता, तेवढं कारण सापडलं. पण दुसरा? स्वयंपाकघराच्या दाराच्या वर खुर्चीवर चढून पाहिलं. चुना दिलेली कोरी भिंत. साधा खिळासुद्धा नाही.

घरी परतलो तर स्क्रीनवर पुन्हा एकच चौकोन. पुढे दोन्ही राउटर पुन्हा पुसले, सगळं नव्याने सेट केलं, हाताखालच्या मुलांना करायला लावतो त्या सगळ्या तपासण्या स्वतः केल्या. काही नाही. बाबांना नागपूरला चला म्हणून हात जोडले, ते हसले. धाकटी बहीण मंजू कन्हानला दिलेली आहे. तिला मी अर्धंच सांगितलं – बाबा स्वयंपाकघरात पडले असावेत असं उगाच वाटलं, म्हणून धावत गेलो होतो. पूर्ण सांगायची हिंमत झाली नाही.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर मंजू दोन दिवस बाबांकडे राहायला गेली. तिथून तिचा फोन आला, आवाजात अगदी आनंद.

"दादा, तुले स्वयंपाकघर दिसत नव्हतं न, म्हणून जीव घाबरला होता तुया. आज माणूस बोलावून तिथं बी कॅमेरा लावून घेतला. दाराच्या वर. पाह्य बरं, दिसते का?"

मी लॅपटॉप उघडला. दोन चौकोन. तोच कोपरा, तोच ओटा, खिडकीचा तोच पडदा. खाली तेच नाव, आपोआप आलेलं.

मी ताबडतोब काढून टाका म्हटलं. का, ते सांगता येईना. शेवटी बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "राहू दे गा. तुले दिसत तरी राहतो मी."

कॅमेरा तिथेच राहिला.

कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर खरंच सांगा, कितीही तांत्रिक असलं तरी चालेल. माझ्याकडे नाही. कॅमेरा काढला तर बाबा दिसायचे नाहीत, आणि ठेवला तर... रोज सकाळी मी आता तो दुसरा चौकोन उघडून बसतो. बाबा चहा ओततात, वर बघतात, आणि मला दाखवायला स्टीलचा पेला उंच धरतात.